जायबंदी खेळाडूंना राष्ट्रीय संघापासून रोखणे (बास्केटबॉल)

व्यावसायिक बास्केटबॉल संघाने आपल्या करारबद्ध खेळाडूला दुखापतीच्या कारणावरून स्वतःच्या देशाकडून खेळू न देण्याची प्रथा. तिचा मुख्य संबंध अमेरिकेतील एनबीए लीगशी येतो. एनबीएचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो आणि अंतिम लढत जूनपर्यंत लांबते. ऑलिंपिक, विश्वचषक, युरोपीय अजिंक्यपद या स्पर्धा भरतात त्या नेमक्या त्यानंतरच्या सुट्टीत. अंग दुखावलेला खेळाडू ज्या दिवसांत बरा व्हायचा, त्याच दिवसांत देशाचे बोलावणे येते.

१९८९ पूर्वी हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते, कारण एनबीएच्या खेळाडूंना ऑलिंपिकचे दार बंद होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये म्युनिक येथे आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिबा) हे दार उघडले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा गाजलेला संघ उतरला आणि पाठोपाठ इतर देशांचे खेळाडूही मोठ्या संख्येने एनबीएत जाऊ लागले. एका खेळाडूचे दोन धनी झाले: पगार देणारा संघ आणि जर्सी देणारा देश.

एनबीए आणि फिबा यांच्यातील करारानुसार संघाला खेळाडूला मनमानीपणे अडवता येत नाही. ‘पुढच्या हंगामासाठी तो ताजातवाना हवा’ हे कारण चालत नाही. खेळाडूच्या प्रकृतीबद्दल वैद्यकीयदृष्ट्या रास्त शंका असेल, तरच संघ नकार देऊ शकतो. खेळाडूच्या एनबीए पगाराचा विमा मात्र त्याच्या राष्ट्रीय महासंघाने उतरवायचा असतो आणि लहान देशांच्या महासंघांना तो हप्ता चांगलाच जड जातो. एनबीएच्या नमुना करारात खेळाडूला मोटारसायकल चालवणे, गिर्यारोहण, विमानातून उडी मारणे अशा जोखमीच्या गोष्टींची बंदी असते. देशासाठी खेळण्याला तेवढी सूट आहे. सावडीत दिलेला बैल लंगडत परत आला तर पेरणी कोणाची खोळंबते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. एनबीए संघांची तक्रार याच जातीची आहे.

या नियमाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली. २००८ च्या बाद फेरीतच त्याचा डावा घोटा दुखावला होता. तरी तो बीजिंग ऑलिंपिकला गेला. अमेरिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तोच घोटा पुन्हा गेला. अर्जेंटिनाने कांस्यपदक मिळवले, पण सप्टेंबरमध्ये जिनोबिलीवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाला पुढच्या साखळीत तो फक्त ४४ सामन्यांसाठी मिळाला. २०१४ मध्ये स्पर्सने विजेतेपद पटकावले, तेव्हा जिनोबिलीच्या उजव्या पायाच्या हाडाला ताणामुळे बारीक तडा गेल्याचे निदान झाले. स्पेनमधील विश्वचषक तोंडावर आला होता. त्याला जायचे होते आणि न जाता आल्याचे दुःख त्याने उघडपणे बोलूनही दाखवले. स्पर्सने कराराकडे बोट दाखवून त्याला थांबवले. तो तेव्हा ३७ वर्षांचा होता. अर्जेंटिनाचा संघ उपउपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलकडून हरला. स्पर्सला कोणी दोष द्यावा असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. सहा वर्षांपूर्वीचा अनुभव त्यांच्यासमोर होता आणि तडा गेलेले हाड कोणत्या देशाची जर्सी आहे ते पाहत नाही.

करारच नसेल तर काय होते, हे त्याआधी लिथुआनियाच्या आर्विदास साबोनिसच्या बाबतीत दिसले होते. एनबीएच्या पोर्टलँड संघाने १९८६ मध्येच नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) त्याच्यावर हक्क सांगितला होता, पण सोव्हिएत सरकार त्याला सोडत नव्हते. टाचेमागची शीर तुटल्यावर १९८८ मध्ये तो उपचारांसाठी पोर्टलँडला आला. पूर्ण बरा होण्याआधीच सोव्हिएत संघाने त्याला सोल ऑलिंपिकला नेले. उपांत्य सामन्यात अमेरिका ८२-७६ अशी हरली आणि सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकले. ज्यांनी पाय दुरुस्त करायला मदत केली त्यांचाच पराभव त्या पायाने केला, म्हणून अमेरिकेत बरीच चिडचिड झाली. पोर्टलँडच्या हातात मात्र अडवण्याचा कोणताच हक्क नव्हता. साबोनिस प्रत्यक्षात एनबीएत खेळायला आला तो थेट १९९५ मध्ये आणि तोवर त्याच्या पायांची पार वाट लागली होती.

चीनचा याओ मिंग याला त्याच्या ह्यूस्टन संघाने अडवले नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच्या डाव्या पावलाचे हाड तडकले, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो मायदेशातल्या ऑलिंपिकमध्ये उतरला. पुढच्या वर्षी तेच पाऊल पुन्हा मोडले. २००९-१० चा संपूर्ण हंगाम गेला आणि २०११ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. ऑलिंपिकमुळेच असे झाले, असे ठामपणे म्हणता येत नाही. सव्वासात फुटांहून उंच देहाचा भार त्या पावलांवर कायमच होता.

दुखापत खरी की संघाने खेळाडूच्या आडून दिलेला नकार, असा संशय अनेकदा घेतला जातो. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेतून ग्रीसचा यानिस अँटेटोकुंपो गुडघेदुखीमुळे बाहेर पडला, तेव्हा ग्रीक महासंघाने हा त्याचा मिलवॉकी संघ आणि एनबीए यांनी ठरवून रचलेला डाव असल्याचा आरोप केला. संघाने तो फेटाळला. दुखापत जुनी असेल तरच नियमाचा उपयोग, ही त्याची दुसरी मर्यादा. ऑगस्ट २०१४ मध्ये इंडियानाचा पॉल जॉर्ज पूर्ण तंदुरुस्त असताना अमेरिकेच्या सराव सामन्यात पडला, त्याचा पाय मोडला आणि पुढच्या हंगामात तो जेमतेम ६ सामने खेळला. अशा खेळाडूला आधी अडवायचे तरी कोणत्या कलमाने?

फुटबॉलमध्ये फिफाने हा तंटा पैशाने सोडवला आहे. देशाकडून खेळताना खेळाडू २८ दिवसांहून अधिक काळ जायबंदी झाला, तर २०१२ पासूनच्या योजनेतून त्याच्या क्लबला पगाराची भरपाई मिळते. बास्केटबॉलमध्ये २०१७ पासून पात्रता सामने ऐन हंगामात होऊ लागल्यावर एनबीए आणि युरोलीग (युरोपातील अव्वल क्लबांची स्पर्धा) यांनी खेळाडू सोडायलाच नकार दिला. तो वाद वेळापत्रकाचा, दुखापतीचा नव्हे.

भारतात आणि मराठवाड्यात

भारतात या प्रथेचे चित्र उलटे दिसते. क्रिकेटमध्ये आयपीएल चालवणारे आणि भारतीय संघ निवडणारे मंडळ एकच आहे. त्यामुळे इथे देशासाठी खेळाडू राखायचा म्हणून त्याच्या आयपीएल संघावर नजर ठेवली जाते. २०२३ च्या विश्वचषकाआधी मंडळाने बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीला फ्रँचायझींसोबत निवडक खेळाडूंच्या तंदुरुस्तीवर लक्ष ठेवायला सांगितले होते. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर चेन्नईकडून खेळला, बीडचा सचिन धस १९ वर्षांखालील भारतीय संघात चमकला. अशा मुलांच्या खांद्या-पाठीची चौकशी करणारी यंत्रणा निदान अस्तित्वात आहे.

बास्केटबॉल, कबड्डी, खो-खो यांत मराठवाड्यातल्या बहुतेक खेळाडूंना रोखणारा कोणी नसतो, कारण त्यांच्या शरीरावर कोणाचा पैसाच लागलेला नसतो. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे. धाराशिवने तर सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कारप्राप्त खो-खोपटू दिली. पण जिल्हा संघातल्या मुलाचा गुडघा लचकला तर क्रेप बँडेज, नी-कॅप, स्प्रे आणि पुन्हा मैदान. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी लागते ते स्पर्धेचे प्रमाणपत्र. दुखापत सांगितली तर निवड जाते, म्हणून ती लपवली जाते. राज्याचे क्रीडा विद्यापीठ आधी संभाजीनगरसाठी जाहीर झाले होते, पुढे ते पुण्यात बालेवाडीला गेले. खेळाडूंच्या दुखापतींचे शास्त्र शिकवण्याची सोय विभागात झाली असती ती तेव्हा हुकली.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडण्याची शर्यत) धावपटू अविनाश साबळे हा वेगळ्या गटातला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीग या ॲथलेटिक्स स्पर्धेत पडून त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा बुडाली. तो सैन्यदलातला असल्याने धावला नाही म्हणून चूल बंद पडण्याची भीती त्याला नव्हती. बारावीतल्या बास्केटबॉलपटूला ना पगार, ना धनी. त्याला थांबवायचे तर प्रशिक्षकाने किंवा घरच्यांनी, आणि निवड चाचणीच्या दिवशी घरचेही सहसा थांबवत नाहीत.