पूल टेबलाच्या स्लेटची पूर्वतयारी

पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स या खेळांच्या टेबलावरचे जुने कापड उतरवल्यापासून नवे कापड ताणेपर्यंत त्याखालच्या दगडी लाद्यांवर जे काम केले जाते, त्याला स्लेटची पूर्वतयारी म्हणतात. लाद्या खरवडून स्वच्छ करणे, त्यांची पातळी साधणे, त्यांच्यामधले सांधे भरणे आणि झिजलेल्या कडा व स्क्रूची भोके दुरुस्त करणे हे सारे तिच्यात येते. मुंबईतल्या जिमखान्यांत आणि पूल पार्लरांत हे काम करणाऱ्या कारागिराला फिटर किंवा मिस्त्री म्हणतात. खेळणाऱ्याला त्याचे हे काम दिसत नाही. त्याच्या नजरेस पडते ते हिरवे किंवा निळे कापड, आणि चेंडू वाट सोडून वळला की दोषही बहुधा कापडालाच दिला जातो. खेळणारे ज्याला फेल्ट म्हणतात ते प्रत्यक्षात विणलेले लोकरी कापड असते आणि ते इतके पातळ व घट्ट ताणलेले असते की खालच्या दगडातला उंचवटा त्याच्यातून जसाच्या तसा वर उमटतो.

टेबलात दगड आला तो एकोणिसाव्या शतकात. त्यापूर्वी खेळाचा पृष्ठभाग लाकडी फळ्यांचा असे आणि हवामान बदलले की तो वाकत असे. लंडनचे टेबलनिर्माते जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास स्लेट वापरायला सुरुवात केली आणि पुढे तीच रूढ झाली. चिखलाच्या थरांपासून बनलेल्या गाळाच्या खडकाचे उष्णता आणि दाब यांमुळे रूपांतर होऊन स्लेट तयार होते. तिचे कण अतिशय बारीक असतात, ती सपाट पापुद्र्यांत सुटते, घासून एकसारखी करता येते आणि पाणी फारच कमी शोषते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ज्या पाटीवर अक्षरे गिरवली ती याच दगडाची. आंध्र प्रदेशातले मार्कापूर अशा पाट्यांसाठी प्रसिद्ध आहे. टेबलांसाठी नावाजलेली स्लेट इटलीतल्या लिगुरिया प्रांतातून, जेनोवाजवळच्या फोन्तानाबुओना खोऱ्यातून येते. तिथल्या लावान्या गावाचे नाव आणि शाळेतल्या फळ्यासाठीचा इटालियन शब्द एकच आहे. मुंबईच्या परिसरातला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कठीण असला तरी असा पापुद्र्यांत सुटत नाही, त्यामुळे शहरातल्या टेबलांचा दगड नेहमी बाहेरूनच आलेला असतो.

नऊ फुटी पूल टेबलाचे खेळण्याचे क्षेत्र १०० बाय ५० इंच असते आणि त्याखाली साधारणपणे तीन लाद्या असतात. स्पर्धेच्या टेबलासाठी स्लेटची जाडी किमान १ इंच, म्हणजे २५.४ मि.मी. असावी लागते. अशी एकेक लादी सुमारे ८० ते १०० किलोंची भरते. पूर्ण आकाराच्या, म्हणजे बारा फुटी स्नूकर टेबलाला पाच लाद्या असतात, त्यांची जाडी ४५ मि.मी.च्या आसपास असते आणि प्रत्येकीचे वजन १५० किलोंहून अधिक भरते. गिरगाव किंवा फोर्टमधल्या जुन्या इमारतीच्या अरुंद जिन्याने अशी लादी चढवणे हे चार माणसांचे काम आहे. म्हणूनच कापड बदलताना लाद्या शक्यतो जागच्या हलवत नाहीत आणि पूर्वतयारी टेबलावरच केली जाते.

सोलणे आणि खरवडणे

प्रथम टेबलाखालून पाना लावून कुशनचे, म्हणजे चेंडू ज्यांवर आपटून परततो त्या रबर लावलेल्या काठांचे, बोल्ट सैल करतात आणि कुशन व पॉकेटे उतरवून बाजूला ठेवतात. कोणते कुशन कोणत्या बाजूचे होते याची खूण आधीच केलेली बरी, कारण वर्षानुवर्षे एकाच जागी बसलेले लाकूड दुसऱ्या जागी नीट बसेलच असे नाही. मग जुने कापड काढतात. स्लेटच्या खालच्या अंगाला लाकडी चौकट जोडलेली असेल तर कापड तिच्यावर चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, किंवा स्टेपलच्या पिनांनी ठोकलेले असते. प्रत्येक चूक आणि प्रत्येक पीन पक्कडीने मुळासकट उपटावी लागते. अर्धी तुटून राहिलेली पीन नवे कापड ताणताना त्याला फाडते. लाकूड नसलेल्या टेबलांवर कापड स्लेटच्या कडेला गोंदाने चिकटवलेले असते आणि तिथे जुन्या गोंदाचा कडक, पिवळट थर राहतो. तो रुंद पात्याच्या पट्टीने, पाते दगडाला जवळजवळ आडवे धरून खरवडतात. पाते उभे धरले की ते दगडावर चरा पाडते. चिवट गोंदासाठी ॲसिटोन वापरतात, पण ते चटकन पेट घेते. पुढे सांध्यांचे मेण वितळवताना ज्योत लागणार असते, म्हणून गोंदाचे काम आधी उरकून, खिडक्या उघडून, वास पूर्ण जाईपर्यंत थांबणे आवश्यक असते.

कापड उचलले की खाली दगडावर निळसर किंवा हिरवट भुकटीची साय दिसते, आणि ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, जिथून मारतात त्या बाजूला ती सहसा अधिक दाट असते. ही क्यूच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, टोकाला लावण्याच्या चॉकची पूड. नावाने तो खडू असला तरी शाळेतल्या खडूशी त्याचा काही संबंध नाही. १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी नव्या चॉकचे पेटंट घेतले तेव्हापासून तो सिलिका व कुरुंद यांसारख्या कठीण, घासणाऱ्या द्रव्यांचा बनतो. म्हणजे कापडाच्या विणीतून गळून खाली साचलेली ही भुकटी बारीक पॉलिश पेपरसारखी असते, आणि ती तशीच राहिली तर नवे कापड खालच्या बाजूने झिजू लागते. ती नुसती झाडली तर हवेत उडून पुन्हा तिथेच बसते, म्हणून व्हॅक्यूमने ओढून घेणे हाच योग्य उपाय आहे.

मुंबईत या टप्प्यावर आणखी एक अडचण उभी राहते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते, आणि वातानुकूलित पार्लरातली स्लेट दिवसभर गार झालेली असते. यंत्र बंद करून दारे उघडली की बाहेरची दमट हवा या गार दगडावर येते आणि थंड पाण्याच्या तांब्यावर जमावे तसे बारीक दव त्याच्यावर जमते. दगडाला त्याचा त्रास होत नाही. पण चॉकची पूड त्यात भिजून थापते, गोंद व मेण दगडाला धरत नाहीत, आणि स्लेटखालची लाकडी किंवा भुशाच्या फळीची चौकट ओल पिऊन फुगते. म्हणून दगडाचे तापमान खोलीच्या तापमानाशी जुळेपर्यंत कामाला हात लावू नये, पाण्याचा वापर घट्ट पिळलेल्या फडक्यापुरताच ठेवावा आणि शक्य असेल तर हे काम पावसाळा ओसरल्यावरच काढावे.

पातळी

सांधे भरण्याआधी पातळी साधणे हा क्रम मोडता येत नाही. आधी सांधे भरले आणि मग लादी वरखाली केली तर भरलेला सांधा तडकतो. आंतरराष्ट्रीय पूल स्पर्धांच्या निकषांप्रमाणे स्लेटच्या समतलतेतला फरक लांबीच्या दिशेने ०.५०८ मि.मी. आणि रुंदीच्या दिशेने ०.२५४ मि.मी. यांच्या आत हवा, तर सांध्यापाशी शेजारच्या दोन लाद्यांमधला फरक ०.१२७ मि.मी.हून अधिक चालत नाही. हे शेवटचे माप छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीहून थोडेसेच जास्त आहे. गवंड्याची पाणसळ (स्पिरिट लेव्हल) इतका बारीक फरक दाखवू शकत नाही. त्यासाठी यंत्रशाळेतली, एका मीटरमागे ०.०२ मि.मी.चा उतार ओळखणारी पाणसळ लागते, आणि ती प्रत्येक ठिकाणी एकदा सरळ व एकदा उलटी फिरवून ठेवावी लागते, म्हणजे तिच्यात स्वतःचा दोष असेल तर तो उघड होतो.

आधी पाय वरखाली करून टेबलाची चौकट समतल करतात, मग एकेक लादी पाहतात. लादीचा जो भाग खाली बसला असेल तिथे चौकट आणि दगड यांच्यामध्ये पातळ लाकडी पाचर किंवा पितळेच्या पत्र्याची पट्टी सरकवतात. जुने कारागीर पत्त्यांचे तुकडेही घालतात. पत्ता सुमारे ०.३ मि.मी. जाडीचा असल्याने थोड्या उंचीसाठी तो उपयोगी पडतो, पण दमट हवेत पुठ्ठा दबतो आणि काही महिन्यांत ती उंची निघून जाते. मुंबईत तरी पितळेचीच पट्टी वापरावी. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळतात. एकच स्क्रू जोराने पिळला की दगड त्या जागी खाली ओढला जातो, आणि खाली पुरेसा आधार नसेल तर भोकापाशी तडकतोही. लाकडी तुळयांच्या जुन्या मजल्यांवर टेबलाचे वजन जमिनीला किंचित दाबत राहते. अशा ठिकाणी पायांखाली रुंद फळ्या देऊन भार पसरवतात आणि पातळी घेताना सगळी माणसे टेबलापासून दूर उभी राहतात.

सांधे

पूर्वतयारीचे खरे कसब सांध्यात असते. कारागीर आधी पट्टीच्या टोकाने सांध्यातले जुने मेण, प्लॅस्टर आणि भुकटी उकरून काढतो. मग अंगठ्याचे नख सांध्यावरून आडवे ओढतो, एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे. नख एका दिशेने सहज सरकले आणि दुसऱ्या दिशेने अडले, तर ज्या लादीच्या कडेला ते अडले ती वर आहे. डोळ्याला न दिसणारा फरक नखाला कळतो. त्यानंतर सरळ पोलादी पट्टी सांध्यावर उभी ठेवून मागून विजेरीचा प्रकाश टाकतात. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की तिथे अजून पाचर हवी.

सांधा भरण्यासाठी तीन पदार्थ प्रचलित आहेत. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ज्योतीने दगड थोडा कोमट करून त्यावर ते थेंबाथेंबाने सोडतात, आणि ते निवले की पाते सपाट धरून वरचा फुगवटा तासून काढतात. काही जण त्याला कडकपणा यावा म्हणून थोडी राळ घालतात. प्लॅस्टर ऑफ पॅरिस हा स्नूकर टेबलांवरचा जुना उपाय आहे. तो स्वस्त आणि ताठ असतो, पण ठिसूळ असल्याने टेबलाला धक्का बसला की भुगा होऊन कापडाखाली पसरतो. तिसरा पदार्थ म्हणजे मोटारींच्या पत्र्यावर भरतात ती दोन भागांची पॉलिएस्टर लांबी (पुट्टी). ती लवकर वाळते आणि दगडासारखी कठीण होते, पण पुढच्या वेळी पाचर घालण्यासाठी लादी सोडवायची झाली तर तिला फोडावेच लागते. शिवाय सांध्यात मेणाचा अंशही राहिला असेल तर ही लांबी त्याच्यावर धरत नाही. म्हणून आधीच्या माणसाने काय भरले होते हे ओळखल्याशिवाय नवे काही भरू नये. मुंबईच्या टेबलांसाठी राळ मिसळलेले मेण अधिक सोयीचे ठरते, कारण लाकडी चौकट ऋतूप्रमाणे थोडी हलली तरी ते बरोबर हलते, तुटत नाही.

पदार्थ कोणताही असो, भराव दगडाच्या पातळीत उतरला पाहिजे. तो उंच राहिला तर चेंडू त्यावर किंचित उडतो, खोल राहिला तर सांध्याची रेघ कापडावर उमटते. घासायचे ते फक्त भरावाला. सबंध लादीवर पॉलिश पेपर फिरवण्याची सवय काहींना असते आणि ती घातक आहे, कारण हाताने घासताना दाब सारखा राहत नाही आणि कारखान्यात यंत्रावर सपाट केलेल्या दगडात खळगे पडतात.

स्क्रूची भोके याच पदार्थांनी भरून सपाट करतात. पॉकेटांपाशी स्लेटची कड मुद्दाम गोलसर ठेवलेली असते, चेंडू तिथून आत घसरतो आणि कापडही तिथेच सर्वाधिक ताणले जाते. या कडेचा टवका उडाला असेल तर तो लांबीने भरून मूळ गोलाई परत आणावी लागते. टोकदार राहिलेली कड काही आठवड्यांतच कापड कापते. स्नूकरमध्ये या उताराच्या आकारावर पॉकेट सोपे की अवघड हे ठरत असल्याने तो साच्याने ताडून पाहतात.

शेवटचा हात

सर्व भराव वाळल्यावर पुन्हा एकदा व्हॅक्यूम फिरवतात, कोरड्या सुती फडक्याने दगड पुसतात आणि अखेरीस कारागीर उघड्या तळव्याने पूर्ण लादी चाचपतो. वाळूचा एक कणही कापडाखाली राहिला तर तिथे फोडासारखा उंचवटा येतो, आणि चेंडूच्या माराने तो कण कापडाला आतून भोक पाडतो. यानंतर उघड्या दगडावर चेंडू सोडून पाहतात. वेगाने सोडलेला चेंडू सगळे दोष ओलांडून जातो, त्यामुळे तो अगदी हळू, थांबायच्या बेतात असेल असा, लांबीने, रुंदीने आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सोडावा लागतो. बिलियर्ड्समध्ये तर बराचसा खेळच या मंद वेगावर चालतो. १९५८ आणि १९६४ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते ठरलेले विल्सन जोन्स आणि १९७७, १९८१ व १९८३ मध्ये ते विजेतेपद मिळवणारे मायकेल फरेरा या दोघांचीही कर्मभूमी मुंबई. त्यांचा हा खेळ चेंडू इंचभर पुढे की मागे थांबतो यावर उभा असतो, आणि तिथे कागदाइतका उंचवटाही गुण घालवतो.

कापड ताणून कुशन बसवल्यावर टेबलाचा भार चौकटीवर नव्याने वाटला जातो आणि पहिल्या काही आठवड्यांत लाकूड थोडे दबते. म्हणून साधारण महिन्याभराने पाणसळ पुन्हा लावून पाहतात. तेव्हा पायांचे स्क्रू फिरवून सबंध टेबल उचलता किंवा उतरवता येते, पण एखादा सांधा खाली गेला असेल तर कापड सोडवल्याशिवाय त्याच्यापर्यंत हात पोहोचत नाही.