दाखला पाहिजे, पण कोणता? बोनाफाईड आणि टीसी

"सर, पोराचा दाखला द्या."

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा लागला की आमच्या शाळेच्या दारात हे वाक्य रोज दोन-चारदा ऐकू येतं. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. हे वाक्य ऐकलं की मी लगेच कपाट उघडत नाही. आधी विचारतो, "कशाला पाहिजे?" आपल्याकडे 'दाखला' या एकाच शब्दात दोन उलटे कागद बसलेत. एक सांगतो की लेकरू या शाळेत आहे. दुसरा सांगतो की ते आता इथं नाही.

पहिला म्हणजे बोनाफाईड. दुसरा म्हणजे टीसी, शाळा सोडल्याचा दाखला. दोन्हींवर शाळेचं नाव, गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही, लेकराचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि बहुतेक वेळा जात. घाईत हातात घेतला तर फरक कळत नाही, वाचता न येणाऱ्या माणसाला तर नाहीच. ओळखायची खूण शब्दांत आहे. बोनाफाईडवर "इयत्ता तिसरीत शिकत आहे" असं वाक्य असतं. टीसीवर रकाने असतात, त्यांत "शाळा सोडल्याचा दिनांक" आणि "शाळा सोडण्याचे कारण" हे दोन ठळक. हे दोन रकाने दिसले की समजायचं, लेकराचं नाव शाळेतून कमी झालं.

कागद हातात पडायच्या आधी शाळेत काय होतं, ते कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. प्रत्येक शाळेत एक जाडजूड रजिस्टर असतं, प्रवेश निर्गम नोंदवही. आम्ही त्याला जनरल रजिस्टर म्हणतो. लेकरू पहिलीला आलं की त्याची एक ओळ तिथं लिहिली जाते आणि त्या ओळीला क्रमांक मिळतो. बोनाफाईड द्यायचं म्हणजे ती ओळ बघून कागदावर उतरवायची आणि रजिस्टर बंद करून ठेवायचं. रजिस्टरात काहीच बदलत नाही. म्हणून बोनाफाईड वर्षातून पाचदा मागितलं तरी हरकत नाही, आणि मागताना संकोच करायचं कारण नाही. टीसी देताना मात्र त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यांत तारीख आणि कारण लिहितात, हजेरीतून नाव काढतात, ऑनलाइन पोर्टलवरही विद्यार्थी दुसऱ्या शाळेकडे पाठवण्याची प्रक्रिया होते. पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, एकाने कमी होतो. पोषण आहार, पुस्तकं, गणवेश हे सारं पटावर चालतं, शिक्षकांची पदंसुद्धा ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतात. त्यामुळे एका टीसीचे पडसाद लेकराच्या ताटापासून शाळेच्या मंजूर पदांपर्यंत पोचतात.

काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका शाळेवर असताना, एका बापाला बँकेत पोरीचं खातं काढायचं होतं. त्याने "दाखला" मागितला. मुख्याध्यापक रजेवर होते, चार्ज नव्या माणसाकडे होता. त्यांनी टीसी लिहून दिली. बापाने घडी करून खिशात घातली, बँकेनेही चालवून घेतली. पोरगी रोज शाळेत येत होती, पण हजेरीत तिचं नाव नव्हतं. सहामाही परीक्षेच्या गुणपत्रकांच्या वेळी ते लक्षात आलं. तिचा नव्याने प्रवेश करावा लागला, नवा क्रमांक पडला, आणि आज तिच्या शालेय नोंदीत एकाच शाळेत दोन प्रवेश दिसतात. चूक कुणा एकाची नव्हती. "कशाला पाहिजे?" हा प्रश्न कुणी विचारला नाही, एवढंच.

बोनाफाईड लागतं ते बहुतेक रोजच्या व्यवहारात. बँक खातं, आधारमधली दुरुस्ती, शिष्यवृत्तीचा अर्ज, एसटीचा पास. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, त्यासाठीही शाळेचं लेखी लागतं. आधारचं सांगायचं तर लेकराच्या बोटांचे ठसे ५ व्या आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. पहिलीच्या वर्षातच हे काम उरकून घेतलेलं बरं. नवोदयची परीक्षा देणाऱ्या पाचवीच्या मुलांनाही मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र लागतं, कारण मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असलं पाहिजे. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. मध्येच टीसी काढून शहरातल्या शाळेत सहा महिने घालून परत आलेल्या मुलाला इथं अडचण येते. पालकांना हे परीक्षेच्या वर्षी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

आता ऊसतोडीचं. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन येतो, ट्रॅक्टरवर संसार चढतो. त्या घाईत आईबाप शाळेत येतात आणि "दाखला" मागतात. त्यांच्या मनात असतं की कारखान्याजवळच्या शाळेत नाव घालायला कागद लागेल. अशा वेळी टीसी काढू नका, हे मी हात जोडून सांगतो. पाच महिन्यांनी, गुढीपाडव्याच्या पुढे-मागे, तुम्ही परत येणार आहात. तेव्हा तिकडून टीसी आणायची राहिलेली असते, कारखान्याचा पट्टा पडलेला असतो, म्हणजे हंगाम संपलेला असतो, आणि लेकरू दोन्ही शाळांच्या मधल्या जागेत लटकतं.

यावर दोन वाटा आहेत. लेकरू गावात आजी-आजोबांपाशी राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. आईबाप तोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची सोय त्यात शाळेच्या पातळीवर होते. नाव नोंदवायला टोळी निघायच्या आधीच या, निघायच्या दिवशी नको. लेकरू सोबत न्यायचंच असेल तर शिक्षण हमी पत्रक मागा. ते दाखवून ज्या गावी तोड आहे तिथल्या शाळेत बसता येतं, आणि इकडचं नाव टीसीने कापलं जात नाही. हा शब्द सरळ तोंडात ठेवा: "टीसी नको, हमी पत्रक द्या." मागच्या हंगामात एका आईने हे वाक्य तसंच्या तसं म्हटलं. तिला त्याच्या आदल्या वर्षी तिच्या जावेने शिकवलं होतं.

टीसी खरोखर लागते ती कायमचं गाव बदललं तर, किंवा इथली शेवटची इयत्ता संपली तर. चौथीपर्यंतच शाळा असलेल्या वाडी-तांड्यावर पाचवीसाठी टीसी निघते, तिथे बोनाफाईड चालत नाही. यात पालकांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, शिक्षण हक्क कायदा २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याच्या कलम ५ नुसार बदली मागितल्यावर मुख्याध्यापकांनी टीसी ताबडतोब द्यायची असते. दुसरी, टीसी यायला उशीर झाला म्हणून सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता येत नाही, नाकारताही येत नाही. "आधी टीसी आणा, मग बसवू" असं ऐकलं तर हे कलम सांगा. शांतपणे सांगितलं तरी पुरतं.

मूळ टीसी एकदाच मिळते. हरवली तर दुसरी प्रत मिळते, पण त्यासाठी अर्ज, बहुतेक ठिकाणी प्रतिज्ञापत्र, आणि वर "द्वितीय प्रत" असा शेरा. म्हणून मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा आणि झेरॉक्सच फिरवा.

कधीकधी तिसरा कागदही 'दाखला' नावानेच मागितला जातो, तो म्हणजे निर्गम उतारा. जातीच्या प्रमाणपत्रासाठी किंवा पडताळणीसाठी वडिलांच्या, आजोबांच्या शाळेतून रजिस्टरातल्या त्या एका ओळीची प्रत काढतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा बघतात. आपल्या मराठवाड्यात हा पुरावा शोधणं वेगळंच काम आहे. १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्या काळातल्या कितीतरी नोंदी उर्दूत आहेत, वाचणारा माणूस आधी शोधावा लागतो. हे काम लेकराच्या बोनाफाईडने होत नाही, तरी पोराच्या नावाने 'दाखला' मागत अख्खा दिवस घालवलेले लोक मी पाहिलेत.

बोनाफाईडचा एक उपयोग कुणी सांगत नाही. तो रजिस्टरचा आरसा आहे. नावात वेलांटी चुकली असेल, आडनाव आधारवर एक आणि शाळेत दुसरं असेल, जन्मतारीख अंकात बरोबर आणि अक्षरात चुकली असेल, तर ते या कागदावर दिसतं. जुन्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लावली, आणि माणूस त्याच तारखेवर निवृत्त झाला. मूल शाळेत शिकत असताना अर्ज आणि जन्म दाखला जोडून दुरुस्ती करता येते, काही नोंदींना वरची मंजुरी लागते, पण वाट असते. एकदा टीसी निघाली की तीच चूक पाचवीच्या, दहावीच्या कागदावर चढत जाते आणि मग ती काढणं फार जड होतं. जाता जाता हेही सांगतो, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागणार आहे. घरात तान्हं लेकरू असेल तर ग्रामपंचायतीत तो आताच काढून ठेवा.

मी बोनाफाईड हातात देताना पालकांना वाचून दाखवायला लावतो. वाचता येत नसेल तर लेकरालाच वाचायला सांगतो. परवा एक आजी आल्या होत्या, आईबाप तोडीला गेलेले, बँकेत द्यायचं होतं. तिसरीतल्या नातीने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. आईच्या नावापाशी थांबली आणि म्हणाली, "सर, इथं काना राहिलाय." रजिस्टर उघडलं, तर तिथंही काना नव्हता. पहिलीपासून तीन वर्षं कुणाच्या नजरेला पडला नव्हता. आजींनी अंगठा दिला, अर्ज मी लिहिला, आणि जन्म दाखल्याची झेरॉक्स आणायला नात गल्लीकडे पळाली.