कँडी क्रश, लुडो किंग आणि न जमलेले प्रेक्षक

जुलै २०१७ मध्ये अमेरिकेतील सीबीएस या वाहिनीने 'कँडी क्रश' या मोबाइल खेळावर बेतलेला स्पर्धेचा कार्यक्रम सुरू केला. सूत्रसंचालनाला मारिओ लोपेझ होते, भिंतीएवढे प्रचंड टचस्क्रीन उभारले होते आणि कमरेला दोर बांधून लटकलेले स्पर्धक त्यावरच्या रंगीत गोळ्या सरकवत होते. कार्यक्रम एका हंगामातच आटोपला. हा खेळ बनवणारी 'किंग' ही कंपनी ५.९ अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचे 'अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड'ने नोव्हेंबर २०१५ मध्येच जाहीर केले होते. म्हणजे पैसा आणि खेळाडू या दोहोंची वानवा नव्हती. तरीही खेळणारा वर्ग पाहायला म्हणून बसला नाही. लाइव्हस्ट्रीमवर, म्हणजे इंटरनेटवरून खेळ थेट दाखवला जातो तेथे, आजही हेच दिसते, आणि त्याची कारणे संगणकीय खेळ 'पाहण्या'ची सवय कशी घडली यात सापडतात.

ही सवय प्रथम मुरली ती दक्षिण कोरियात. १९९८ साली आलेल्या 'स्टारक्राफ्ट' या संगणकीय युद्धखेळाचे सामने दाखवण्यासाठी २००० साली तेथे 'ऑनगेमनेट' ही वाहिनी उभी राहिली. खेळणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या गोटात काय शिजते आहे ते दिसत नसे, प्रेक्षकाला मात्र दोन्ही बाजू दिसत, आणि कोणत्या क्षणी नकाशाचा कोणता कोपरा दाखवायचा हे ठरवणारा स्वतंत्र माणूस नेमलेला असे. समालोचक आरडाओरडा करत ते वेगळेच. खेळणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याला अधिक ठाऊक असणे, हे या रंगतीचे खरे भांडवल होते. पुढे २००७ मध्ये सुरू झालेल्या 'जस्टिन टीव्ही' या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळातून जून २०११ मध्ये खेळांसाठीचे 'ट्विच' वेगळे झाले आणि २०१४ मध्ये 'अ‍ॅमेझॉन'ने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना घेतले. ट्विच वाढले ते 'लीग ऑफ लेजेंड्स', 'डोटा २' अशा खेळांवर, ज्यांचे सामने लांबतात, पारडे वरखाली होते आणि चांगला खेळाडू सामान्यांपेक्षा किती पुढे आहे हे उघड दिसते.

त्याच काळात दुसऱ्या धर्तीचे खेळ फेसबुकवर फोफावत होते. २००९ मध्ये 'फार्मव्हिल' आला, २०१२ मध्ये 'कँडी क्रश सागा'. हे खेळ फावल्या मिनिटांसाठी घडवलेले होते. कँडी क्रशमध्ये पाच 'लाइफ' मिळतात. एक संपली की ती परत मिळायला अर्धा तास लागतो. पाचही वेळा हरलात की खेळ तुम्हाला उठवतो, नाहीतर मित्रांकडे मागायला किंवा पैसे मोजायला सांगतो. सलग तीन तास प्रेक्षकांना धरून ठेवू पाहणाऱ्या स्ट्रीमरसाठी याहून गैरसोयीची रचना शोधून सापडणार नाही. शिवाय एक चाल केल्यावर वरून कोणत्या गोळ्या पडतील हे कोणाच्याच हाती नसते, त्यामुळे एकामागून एक गोळ्या फुटत गेल्या तरी ते कसब म्हणावे की नशीब, हे बघणाऱ्याला कळत नाही. या खेळाचे व्हिडिओ कोणी बघतच नाही असे मात्र नव्हे. एखाद्या लेव्हलवर अडकलेली माणसे नेमक्या त्याच लेव्हलची उकल यूट्यूबवर शोधतात, दोन मिनिटे बघतात आणि आपल्या फोनकडे वळतात. त्यांना उत्तर हवे असते, सोबत नव्हे.

भारतात हे दोन्ही प्रवाह एकाच फोनवर येऊन भेटले. नवी मुंबईच्या 'गेमशन' कंपनीचा 'लुडो किंग' २०१६ मध्ये आला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' दाखल झाला. पबजीतून मुंबईचा आदित्य सावंत 'डायनॅमो' या नावाने घराघरांतल्या पोरांना ठाऊक झाला. शंभर जण एका बेटावर उतरतात, वर्तुळ आवळत जाते आणि अर्ध्या तासात निकाल लागतो. हे कथानक दर डावाला आयतेच मिळते. लुडोत फासा टाकला की सोंगटी निमूट चालते. त्यातली मजा सोंगटी कोणाची मारली यात असते. बाबांची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारली तर जेवणाच्या ताटावरही तो विषय निघतो. अनोळखी माणसाची मारली तर तिसऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते.

रमी आणि तीन पत्तीची अडचण निराळी. पाने दाखवली तर प्रतिस्पर्धी स्ट्रीम उघडून बघू शकतो, आणि झाकली तर प्रेक्षकाला काहीच उमगत नाही. पोकरची हीच कोंडी ब्रिटनच्या 'चॅनल ४'ने १९९९ मध्ये टेबलात काच बसवून तिच्याखाली कॅमेरे लावून फोडली होती. आधी चित्रित केलेल्या कार्यक्रमात ते शक्यही होते.

त्यामुळे अमुक खेळ पाहण्याजोगा नाहीच, असा शिक्का मारणे घाईचे ठरते. बुद्धिबळाकडे पाहावे. २०२० च्या टाळेबंदीत विनोदी कलाकार समय रैना याने स्ट्रीम सुरू केला आणि नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यात थट्टामस्करीसह सामील झाला. पडद्यावर पटाशेजारी संगणकाच्या हिशेबाने वरखाली होणाऱ्या पट्टीवर कोणाचे पारडे जड आहे हे नवख्यालाही दिसत होते. खेळणाऱ्याला मात्र ते दिसत नव्हते. कोरियातली जुनीच युक्ती येथे कामी आली.

लुडो किंगने त्याच वर्षी वेगळी वाट धरली. टाळेबंदीत वेगवेगळ्या गावी अडकलेली कुटुंबे एका पटावर खेळू लागली होती आणि कंपनीने खेळातच एकमेकांशी बोलण्याची सोय दिली. चिडवणे, फासा खोटा पडल्याची तक्रार, 'आता माझी पाळी' असा गलका, हे सारे पटावरच होऊ लागले. ज्यांना हे ऐकायचे होते ते आधीच त्या चौघांपैकी एक होते.