शिंगाडा

(हिं. सिंघाडा, सं. शृंगाटक). तळी, तलाव व संथ पाण्याच्या दलदलीत वाढणारी वर्षायू जलवनस्पती. तिचे शास्त्रीय नाव ट्रापा नॅटन्स असे असून भारतात लागवडीत असलेल्या फळावर दोन शिंगे असलेल्या प्रकाराला काही वनस्पतिवैज्ञानिक ट्रापा बायस्पिनोजा ही वेगळी जाती मानतात. पूर्वी तिच्यासाठी ट्रापेसी हे स्वतंत्र कुल होते. आता तिचा समावेश मेंदी व डाळिंब यांच्या लिथ्रेसी कुलात करतात.

खोड लांब व लवचिक असून तळाच्या चिखलापासून पृष्ठभागापर्यंत पोहोचते. पाण्याखालच्या पेऱ्यांवर पिसांसारखी विभागलेली हिरवी इंद्रिये असतात. ती पाने वाटली, तरी बहुतेक अभ्यासक त्यांना प्रकाशसंश्लेषण करणारी मुळे समजतात. तरंगती पाने समचतुर्भुजाकृती व वरच्या कडेला दातेरी असून त्यांचा चक्राकार गुच्छ पाण्यावर पसरतो. प्रत्येक देठ मध्यभागी फुगीर असतो व त्यातील हवेने भरलेल्या स्पंजासारख्या ऊतकामुळे (पेशींच्या थरामुळे) गुच्छ तरंगत राहतो. फुले पांढरी, एकेकटी व पानांच्या बगलेत येतात. संदले (फुलाच्या तळाची दले), प्रदले (पाकळ्या) व केसरदले (पुंकेसर) प्रत्येकी चार असतात. फूल पाण्याबाहेर उमलते. परागणानंतर मात्र त्याचा देठ खाली वळतो आणि फळ पाण्यातच पोसते. फळावरची शिंगे म्हणजे टणक झालेली संदलेच होत. किंजपुटात (फुलातील ज्या भागाचे फळ होते त्यात) दोन कप्पे असले, तरी बी एकच धरते. त्यात पुष्क (गर्भाभोवतीचा अन्नसाठा) नसतो आणि दोन दलिकांपैकी (बीजदलांपैकी) एक खवल्याएवढी खुरटी राहते. आपण खातो तो पांढरा, पिठूळ गर म्हणजे दुसरी, स्टार्चने भरलेली दलिका.

भारतात काश्मीरमधील वुलर सरोवराचा शिंगाडा प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात भंडारा-गोंदिया भागातील मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातील) तलावांत मासेमारी करणारा ढीवर समाज त्याचे पीक घेतो. बी वाळले की त्याची उगवणशक्ती जाते, म्हणून बियाण्याची फळे पाण्यातच ठेवावी लागतात. पावसाळा सरता सरता तोडणी सुरू होते आणि उकडून काळे पडलेले शिंगाडे विदर्भातील बाजारांत विकायला येतात. इतरत्र ओळख आहे ती मुख्यतः पिठाची: शिंगाडा तृणधान्य नसल्याने त्याचा शिरा, लापशी व थालीपीठ उपवासाला चालते. कच्चे फळ दातांनी सोलणे मात्र टाळावे, कारण सालीला चिकटलेल्या पुटींतून (कृमीच्या अळीभोवतीच्या कोशांतून) फॅसिओलॉप्सिस बस्की हा आतड्यातील पर्णकृमी (पानासारखा चपटा कृमी) शरीरात जाऊ शकतो. चिनी पाककृतींतील ‘वॉटर चेस्टनट’ हा मोथ्याच्या कुलातील वेगळ्याच वनस्पतीचा कंद आहे.

एकोणिसाव्या शतकात ट्रापा नॅटन्स अमेरिकेत नेण्यात आली आणि ईशान्येकडील राज्यांत उपद्रवी तण ठरली. दाट गुच्छांमुळे पाण्यात प्रकाश व प्राणवायू कमी पडतो, नावा अडतात. आणि चिखलात पडलेले बी दहा-बारा वर्षेही जिवंत राहू शकत असल्याने तेथे ती दरवर्षी, फळे पिकण्याआधी उपटावी लागते.