खुलासा: स्पिटफायर मार्क ९ हे मार्क ८चं सुधारित रूप नव्हतं

आठानंतर नऊ येतो, म्हणून स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मार्क ९ (मार्क म्हणजे आवृत्ती) हे मार्क ८ सुधारून केलेलं विमान, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. घडलं जवळजवळ उलटं.

१९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांचं फोके-वुल्फ १९० हे लढाऊ विमान फ्रान्सच्या आकाशात उतरलं आणि तेव्हाच्या स्पिटफायर मार्क ५ची दाणादाण उडाली. उतारा तयार होत होता: रोल्स-रॉइसचं मर्लिन ६१, दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरमुळे (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) विरळ हवेतही दम टिकवणारं इंजिन. त्यासाठी आखलेलं खरं विमान मार्क ८. मजबूत सांगाडा, पंखांत जादा टाक्या, आत ओढता येणारं शेपटीचं चाक. पण एवढ्या बदलांसाठी कारखान्यांतले साचे-सांगाडे बदलायचे, म्हणजे ऐन युद्धात उत्पादन रखडणार.

मग मार्क ५च्याच सांगाड्यात, जेमतेम फेरफार करून, नवं इंजिन बसवलं. हाच मार्क ९; १९४२ च्या मध्यात तो स्क्वाड्रनमध्ये आलाही. तात्पुरती सोय म्हणून काढलेली ही विमानं साडेपाच हजारांवर बनली, मार्क ८ सोळाशेच्या आसपास. वैमानिकांच्या दृष्टीने मार्क ८ अधिक सरस असेलही, पण माझ्या मते निर्णय बरोबरच होता. मार्क ८ पुढे मुख्यतः भूमध्य समुद्र, ऑस्ट्रेलिया आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलं.