मोडलेली फांदी आणि डांबर

'वाऱ्याने फांदी मोडली की त्या जागी डांबर फासावे, म्हणजे जखम भरून येते,' असा सल्ला कोकणातील परसांत वर्षानुवर्षे फिरतो. त्यामागची काळजी खरी आहे. परंतु लाकूड आपल्या कातडीसारखे भरून येत नाही, तर झाड इजा झालेला भाग आतून बंदिस्त करते आणि कडेची जिवंत साल हळूहळू त्यावर चढत जाते. डांबराखाली मात्र ओल अडकून कूज वाढू शकते. (मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट बुरशीनाशक असल्याने तिची गोष्ट वेगळी.) मोडका तुकडा, फांदी खोडाला जुळते तिथल्या फुगीर कड्याला धक्का न लावता, स्वच्छ करवतीने कापावा. पडताळ्यासाठी दोन सारख्या जखमांपैकी एकीवरच डांबर लावावे आणि पावसाळा सरल्यावर दोहोंच्या कडा निरखाव्यात.