ऑन आणि ऑफ बायपोलर पेशी: ग्लुटामेट एकच, उत्तरं उलटी

दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशींमधला फरक बहुतेकांना तोंडपाठ असतो, तो इथे उगाळत नाही. घोळ होतो पुढच्या पायरीवर, म्हणजे त्यांच्याकडून संदेश घेणाऱ्या बायपोलर पेशींपाशी. ‘ऑन बायपोलर पेशी उजेडात काम करते, ऑफ पेशी बंद पडलेली असते’ हे वाक्य नोट्समध्ये आणि यूट्यूबवर इतक्यांदा भेटतं की आता ते खोडून काढायलाच हवं. ऑफ पेशी बंद वगैरे काही नसते. अंधार वाढला की ती चेतते.

चुकीचं मूळ मात्र त्याआधीच आहे. उजेड पडला की शंकुपेशी उत्तेजित होते, असं मनात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात अंधारात तिच्या आवरणातल्या आयनवाहिन्या उघड्या असतात, सोडियम आत येत राहतं, विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि तळातून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सतत पाझरत असतं. उजेडाने या वाहिन्या उघड्या ठेवणारं सीजीएमपी हे रसायन घटतं, वाहिन्या मिटतात, दाब उणे ७० कडे सरकतो आणि ग्लुटामेट कमी होतं. उजेडाची बातमी पुढे जाते ती ग्लुटामेट घटल्यामुळे. हे नीट पचवल्याशिवाय पुढे वाचू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दोन्ही बायपोलर पेशी एकाच शंकुपेशीच्या तळाशी टेकलेल्या, दोघींपर्यंत पोचणारं ग्लुटामेट तेच. ऑफ पेशीवरचे ग्राही, म्हणजे ग्लुटामेट पकडणारे रेणू, सरळ आहेत: ग्लुटामेट बसलं की वाहिनी उघडते. ऑन पेशीवर एमग्लूआर६ नावाचा ग्राही असतो. त्यावर ग्लुटामेट बसलं की पेशीच्या आतल्या साखळीमुळे ट्रिपएम१ ही वाहिनी मिटते. उजेडात ग्लुटामेट हटलं की ती उघडते आणि पेशी चेतते. फरक सगळा ऐकणारीकडे आहे, सांगणारीकडे नाही. म्हणून शंकुपेशीतूनच दोन रंगांचे बाण निघालेले दाखवणाऱ्या आकृत्या मला अजिबात चालत नाहीत.

पांढऱ्या पानावरचा एखादा काळा अनुस्वार घ्या. त्याची प्रतिमा ज्या शंकुपेशींवर पडते तिथे उजेड कमी, म्हणून ग्लुटामेट जास्त, म्हणून ऑफ पेशी चेततात. भोवतीचा पांढरेपणा शेजारच्या शंकुपेशींना आडवं जोडणाऱ्या क्षैतिज पेशींमार्फत हा फरक आणखी ठळक करतो. छापील मजकूर वाचताना शाईची खबर मेंदूकडे नेणारी वाट मुख्यतः ऑफचीच.

दोन्ही बायपोलर पेशींचे तंतू दृष्टिपटलातल्या आतल्या जाळीच्या वेगवेगळ्या थरांत संपतात, तेवढं परीक्षेपुरतं लक्षात ठेवा.

या वाटा खरोखर वेगळ्या आहेत, हे १९८१ साली स्लॉटर आणि मिलर यांनी दाखवलं. एपीबी हे ग्लुटामेटसारखंच एमग्लूआर६वर बसणारं रसायन दृष्टिपटलावर सोडलं की ऑन प्रतिसाद गेले, ऑफ टिकले. पुढे शिलर आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या डोळ्यांत तेच वापरलं. पार्श्वभूमीपेक्षा उजळ ठिपका ओळखणं माकडांना जड गेलं, गडद ठिपका मात्र नेहमीसारखा दिसला.

माणसांत एमग्लूआर६ किंवा ट्रिपएम१ची जनुकं बिघडली तर जन्मजात रातांधळेपणा येतो, कारण दंडपेशींची खास बायपोलर पेशी फक्त ऑन प्रकारची असते. अशा रुग्णाच्या ईआरजी आलेखात, म्हणजे दृष्टिपटलाच्या विद्युत प्रतिसादाच्या नोंदीत, दंडपेशींची ए-लाट शाबूत दिसते आणि तिच्यामागून यायची, ऑन बायपोलर पेशींची बी-लाट जवळपास गायब असते.